मंडळी कुणाच्या खांद्यावर?

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतलं क्राइस्ट चर्च १८७९ सालचं आहे. मुंबईचे तेव्हाचे अँग्लिकन बिशप मिल्न यांनी त्याचं समर्पण केलं. त्या काळी छावणीत हैदराबाद कंटिंजंट होती. या फौजेचा खर्च निजामाच्या तिजोरीतून चाले आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा चाले. या अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना रविवारी उपासनेला जागा हवी होती, म्हणून ही वास्तू उभी राहिली.

पुढे कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाली. इंग्रज मायदेशी गेले. सप्टेंबर १९४८मध्ये निजामाची राजवटही संपली. ज्यांच्यासाठी हे चर्च बांधलं होतं, त्यांच्यापैकी कुणीही उरलं नाही. तरी चर्चला कुलूप लागलं नाही, कारण तोवर तिथे आणि आसपासच्या गावांमध्ये मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसांची मंडळी उभी राहिली होती. दिवे कुणी लावायचे, पाळकांचा पगार कसा द्यायचा, मुलांना शब्बाथशाळेत कुणी शिकवायचं आणि गळतं छप्पर कुणी दुरुस्त करायचं, हे सगळं त्या मंडळीने अंगावर घेतलं.

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती जीवनाकडे पाहताना मला ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. चर्च कुणी बांधलं, त्यासाठी पैसा कुठून आला, दगड कुठल्या खाणीतला, हे इतिहासात नोंदलं जातं. चर्च टिकतं मात्र त्याची कामं दर आठवड्याला वाटून घेणाऱ्यांमुळे. आज या शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या अनेक मंडळ्यांपुढे हाच प्रश्न आहे. रविवारी येऊन बसणारे पुष्कळ आहेत. काम अंगावर घेणारे किती आहेत?

मिशनने स्वतःची गरज संपवावी

औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, अँग्लिकन परंपरेचं काम सुरू केलं चर्च मिशनरी सोसायटीने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथली धुरा अनेक वर्षं वाहिली रेव्हरंड रतनजी नवरोजी यांनी. ते पारशी घराण्यात जन्मले आणि ख्रिस्ती झाले. शहरात आणि भोवतालच्या खेड्यांत त्यांनी मंडळ्या उभ्या केल्या. त्या काळात मिशनचा प्रमुख बहुधा गोरा साहेब असे आणि हिंदी माणूस त्याच्या हाताखाली काम करी. औरंगाबादेत मात्र लोकांनी दीर्घकाळ एका हिंदी पाळकाचं नेतृत्व पाहिलं.

यामागे एक विचारही होता. चर्च मिशनरी सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन १८४१ ते १८७२ या काळात लंडनहून जगभरच्या कामाला दिशा देत होते. त्यांचं म्हणणं असं, की मंडळीने स्वतःचा खर्च स्वतः चालवावा, स्वतःचा कारभार स्वतः करावा आणि स्वतःच पुढे वाढावं. मिशनऱ्याचं यश त्याची गरज संपण्यात आहे, असं ते मानत. अटलांटिकच्या पलीकडे अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेचे सचिव रूफस अँडरसन याच निष्कर्षावर पोहोचले होते. १८५४-५५मध्ये ते स्वतः भारतात आले आणि त्यांनी अहमदनगरचं काम पाहिलं. अहमदनगर म्हणजे आजचं अहिल्यानगर. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या एतद्देशीयांना तिथे पाळकपदाची दीक्षा मिळाली, ती त्याच दशकात.

कागदावर हा विचार सोपा होता. प्रत्यक्षात त्याची कसोटी लागली मराठवाड्यातल्या आणि नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत. तिथे ख्रिस्ती होणारे बहुतेक महार आणि मांग समाजातले होते. गावकुसाबाहेर राहणारी, बलुत्यावर आणि मजुरीवर जगणारी ही माणसं. त्यांनी पाळकांचा पगार कुठून द्यायचा? जे होतं ते त्यांनी दिलं. सुगीत दाणे दिले, कोंबडी दिली, अंडी दिली, मंदिराच्या भिंती सारवून दिल्या. उपकारस्तुतीच्या उपासनेत शेतातला पहिला माल वेदीपाशी आणून ठेवायचा आणि मग त्याचा लिलाव करायचा, ही पद्धत आजही अनेक मंडळ्यांत जिवंत आहे. भोपळा, कणसं, गूळ, केळीचा घड, सगळ्यांची बोली लागते. बाजारात वीस रुपयांना मिळणारी वस्तू इथे दोनशेला जाते आणि घेणारा ती आनंदाने घेतो. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात हात पसरला, तो इथे देणारा होतो. या बदलाचं मोल मंडळीच्या जमाखर्चात मोजता येणार नाही.

जालन्याचं बेथेल

आज जालना वेगळा जिल्हा आहे, पण १ मे १९८१पर्यंत तो औरंगाबाद जिल्ह्यातच होता. त्या जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी.

शेषाद्रींचं नाव मराठी वाचकाला दुसऱ्या एका संदर्भात ठाऊक असतं. १८४३मध्ये मुंबईत नारायण आणि श्रीपत हे दोघे ब्राह्मण भाऊ मिशनऱ्यांकडे गेले. नारायण यांनी बाप्तिस्मा घेतला. श्रीपत अजाण होता, म्हणून मुंबईच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. त्याला पुन्हा जातीत घ्यावं, यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि त्यावरून मुंबईत मोठा वाद पेटला. श्रीपतची कथा सामाजिक सुधारणेच्या इतिहासात गेली. नारायण यांची कथा मराठवाड्यात आली आणि इथेच फुलली.

नारायण ज्या चर्चचे झाले, त्या चर्चचा जन्मही १८४३चाच. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये गावाच्या पाळकाची नेमणूक तिथला जमीनदार करी. मंडळीला नको असलेला माणूस तिच्यावर लादू नये, या मागणीसाठी त्या वर्षी मे महिन्यात साडेचारशेहून अधिक पाळकांनी घर, पगार आणि चर्चची इमारत यांवर पाणी सोडलं आणि ‘फ्री चर्च’ स्थापन केलं. मुंबईतले स्कॉटिश मिशनरी याच बाजूला गेले. त्यांच्यात डॉ. जॉन विल्सनही होते. गावातल्या सामान्य सभासदाला आपल्या चर्चच्या कारभारात शब्द असावा, या मागणीसाठी इतक्या लोकांनी भाकर सोडली होती. नारायण शेषाद्रींनी ख्रिस्ती जीवनाचे पहिले धडे गिरवले ते या वातावरणात.

जालन्याजवळच्या माळावर त्यांनी याच दिशेचा प्रयोग केला. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी जमीन दिली. तिच्यावर मांग-महार समाजातून आलेली ख्रिस्ती कुटुंबं वसली. घरं, विहिरी, शाळा, शेती आणि मध्यभागी उपासनेचं मंदिर, असं ते गाव होतं. कालपर्यंत वेशीबाहेर उभं राहणाऱ्यांचं हे स्वतःचं गाव होतं. १८७३मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेत शेषाद्रींनी भाषण केलं, तेव्हा जालन्याचं नाव अटलांटिकपार गेलं. १८९१मध्ये त्यांचं निधन झालं. बेथेल मात्र राहिलं.

स्कॉटिश परंपरेत मंडळी आपले ‘वडील’ स्वतः निवडते. ज्यांना गावच्या पंचायतीत उभं राहून बोलण्याचीही मुभा नव्हती, ते चर्चच्या सभेत हात वर करून मत देऊ लागले. ठराव मांडणं, हिशेब लिहिणं, वाद मिटवणं, चार माणसांसमोर मोठ्याने प्रार्थना करणं, या सगळ्याची तालीम त्यांना चर्चमध्ये मिळाली. हा लोकशाहीचा अभ्यास होता आणि तो स्वातंत्र्याच्या कितीतरी आधीचा होता. जात चर्चच्या उंबऱ्यापाशी विरघळली, असं मात्र म्हणता येणार नाही. ती आत आली, बाकांवर बसली, सोयरिकीत आणि निवडणुकीत बोलू लागली. पण एका वाडग्यातून आणि एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणं हा तिच्यावरचा दर वेळचा घाव होता आणि आजही आहे.

या समाजाच्या गरिबीला कायद्याचीही एक बाजू आहे. अनुसूचित जातींविषयीचा १९५०चा राष्ट्रपतींचा आदेश ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्या यादीबाहेर ठेवतो. १९५६मध्ये शीख दलितांना आणि १९९०मध्ये बौद्धांना त्यात जागा मिळाली. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. महाराष्ट्रात त्यांची गणना इतर मागासवर्गात होते. शेतमजुरी, पालिकेतली सफाई, रुग्णालयातली छोटी नोकरी यांवर जगणाऱ्या कुटुंबाने चर्चची वर्गणी भरणं म्हणजे काय, हे या पार्श्वभूमीवर समजून घ्यायला हवं. अशा घरातून आलेला शंभराचा आकडा पावतीवर लहान दिसतो, पण त्या घराला तो जड असतो.

ज्याला वाचता येत नाही, त्यालाही गाता येतं

सहभाग केवळ पैशाचा आणि मतदानाचा नसतो. उपासनेत माझा आवाज आहे का, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

सुरुवातीच्या मराठी ख्रिस्ती उपासनेत इंग्रजी गीतांची भाषांतरं विलायती चालींवर गायली जात. खेड्यातल्या बायांना ती जिभेवर बसवणं अवघड जाई. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी मराठी वृत्तांत गीतं रचली आणि कीर्तनाची परंपरा ख्रिस्ती मंडळीत आणली. त्यांच्यानंतर आले रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, नगरला राहिले, ‘ज्ञानोदय’ नियतकालिकासाठी लिहिलं आणि शेकडो गीतं रचली. ओवी, अभंग, साकी, दिंडी हे सारं त्यांनी ख्रिस्ताच्या चरणी आणलं. पेटी, तबला आणि टाळ चर्चमध्ये आले. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती, तिला वीस-वीस गीतं पाठ झाली. जात्यावर दळताना तिची उपासना सुरू राहिली. आजही ‘उपासनासंगीत’ हे मराठी प्रॉटेस्टंट घरात बायबलच्या शेजारी ठेवलेलं असतं.

अखेरच्या पर्वात टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि १९१७मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ती माणसाने पगारासाठी किंवा परदेशी मदतीसाठी ख्रिस्ताचं काम करू नये, आपल्या मातीत उभं राहून आपल्या जबाबदारीवर करावं, हा त्यामागचा ध्यास होता. दोनच वर्षांनी, १९१९मध्ये ते गेले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो वारसा लेखणीने पुढे नेला. पतीच्या धर्मांतराने मोडून पडलेली बाई हळूहळू स्वतःच्या बुद्धीने त्याच वाटेवर येते आणि मग अनाथ मुलं, आजारी माणसं, दारी आलेला कुणीही आपला मानते. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र मराठी वाचकाने या नजरेनेही वाचावं. ते मंडळीत काम करणाऱ्या एका स्त्रीचंही चरित्र आहे.

कॅथलिक चर्चमध्ये ही वाट वेगळी होती, पण मुक्काम तोच. या जिल्ह्यातलं कॅथलिक काम फ्रान्सिस द सेल्स संघाच्या फ्रेंच धर्मगुरूंनी उभं केलं. वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावात राहून गोरगरिबांचे होऊन गेलेले फादर गुरियन जाकिए यांचं नाव अजूनही भक्तीने घेतलं जातं. त्यांच्या काळात मिस्सा लॅटिनमध्ये असे. वेदीपाशी धर्मगुरू लॅटिन पुटपुटत आणि भाविक मागे बसून आपापली माळ जपत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि चित्र पालटलं. भाविकांनी उपासनेत पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय भाग घ्यावा, हा त्यांचा हक्कही आहे आणि कर्तव्यही, असं चर्चने अधिकृतपणे सांगितलं. मिस्सा मराठीत आली. प्रापंचिक माणूस पुढे येऊन शास्त्रवाचन करू लागला. औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला तो १७ डिसेंबर १९७७ रोजी, म्हणजे हा बदल रुजत असताना. १९८३च्या धर्मसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक बाबींसाठी प्रापंचिकांचा सहभाग असलेली समिती सक्तीची केली.

मराठीशी असलेलं हे नातं किती खोल गेलं, याचं प्रत्यंतर मराठवाड्यानेच पाहिलं. जानेवारी २०२०मध्ये धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादेत, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याचे अध्यक्ष होते वसईचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो.

श्रमदान आधी, पैसा नंतर

लोकसहभागाचा सगळ्यांत कणखर धडा या मातीत दिला, तोही एका धर्मगुरूनेच. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे जेझुइट. १९४८मध्ये ते भारतात आले आणि नगर जिल्ह्यात राहिले. दुष्काळात वाटलेली मदत गावाला उभं करत नाही, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं. त्यातून १९८९मध्ये इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. गावाने आधी श्रमदान करून तयारी दाखवावी, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळावी, ग्रामसभेत निर्णय घ्यावेत आणि मग निधी यावा, अशी त्याची अट होती. जालना जिल्ह्यातलं कडवंची गाव याच कार्यक्रमातून बदललं. विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती सहाय्य मंडळाने तिथे काम केलं. आज ते शेततळ्यांचं आणि द्राक्षांचं गाव म्हणून राज्यभर ओळखलं जातं.

कडवंचीचा हा अनुभव चर्चने पुन्हा शिकावा, असं मला मनापासून वाटतं. जे फुकट येतं, ते गावाचं होत नाही. ज्यात आपला घाम पडतो, ते आपण राखतो. परदेशी मिशनच्या काळात उभ्या राहिलेल्या शाळा, दवाखाने, वसतिगृहं आणि जमिनी यांना हा नियम तंतोतंत लागू पडतो. ज्या ठिकाणी स्थानिक माणसांनी ती आपली मानली, त्या ठिकाणी ती चालू राहिली. ज्या ठिकाणी ‘मिशन बघून घेईल’ ही सवय राहिली, त्या ठिकाणी मिशन गेल्यावर पडझड सुरू झाली.

रविवार सोडून उरलेले सहा दिवस

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. औरंगाबादची अँग्लिकन धारा आणि जालन्याची स्कॉटिश धारा एका प्रवाहात आल्या. या ऐक्याचा गाभा लक्षात घेण्यासारखा आहे. बिशपची परंपरा राहिली, निवडलेल्या वडिलांची राहिली आणि मंडळीच्या सभेचीही राहिली. म्हणजे बिशप आहे, पण कमिटीही आहे, आणि कमिटीला जाब विचारणारी सर्वसाधारण सभाही आहे. रचना उत्तम आहे. ती चालते की नाही, हे सभासदावर अवलंबून आहे.

एखाद्या मंडळीत आठवडाभर काय काय घडतं, ते बाहेरच्या माणसाला दिसत नाही. मंगळवारी किंवा बुधवारी कुणाच्या तरी घरी गृहसभा असते. महिला मंडळाच्या बाया आजारी माणसाला भेटायला घाटी रुग्णालयात जातात, प्रार्थना करतात आणि निघताना उशाशी थोडे पैसे ठेवतात. शनिवारी तरुण संघाचा गीतांचा सराव असतो. रविवारी उपासनेआधी कुणीतरी बाकं पुसतं, कुणी प्रभुभोजनाची भांडी घासतं, कुणी वीसेक मुलांना योसेफाची गोष्ट सांगतं. कुणाच्या घरी मयत झालं, तर पेटी, गाडी, कबरीचा खड्डा आणि आल्यागेल्याचा चहा ही सगळी व्यवस्था तासाभरात उभी राहते. डिसेंबर लागला की कॅरलची टोळी रात्री घरोघर फिरते.

या शहराच्या वाढीमुळे मंडळीवर एक नवी जबाबदारी आली आहे. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा इथल्या कारखान्यांत नगर, जालना, बीडकडची ख्रिस्ती तरुण मुलं कामाला येतात. विद्यापीठात आणि महाविद्यालयांत शिकायला येणारे विद्यार्थी असतात. रुग्णालयांत केरळच्या परिचारिका असतात. एका खोलीत चार जण राहणाऱ्या, शिफ्टमध्ये काम करणाऱ्या मुलाला रविवारी कुणीतरी नावाने ओळखणं आणि दुपारी घरी जेवायला नेणं, याची किंमत त्यालाच ठाऊक. हे काम पाळक एकटे करू शकत नाहीत. एका पाळकाकडे कित्येकदा तीन-चार ठिकाणच्या मंडळ्या असतात. सभासदांनी हात दिला नाही, तर नवा माणूस मागच्या बाकावर येऊन बसतो, शेवटचं गीत संपायच्या आत निघतो आणि काही महिन्यांत यायचा थांबतो.

करोनाने ही गोष्ट उघडी केली. मार्च २०२०मध्ये चर्चची दारं बंद झाली. १२ एप्रिलचं ईस्टर लोकांनी मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं. राज्यातली प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली, ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. मधल्या काळात ऑनलाइन उपासनेने अनेकांना धीर दिला, हे खरं. पण पुढेही कित्येकांना ती सवय लागली. घरी चहा घेत उपासना बघायची, आवडलं नाही तर दुसऱ्या शहरातल्या वक्त्याचं प्रवचन लावायचं. पडद्यावर उत्तम प्रवचन मिळेल. शेजारच्या बाकावरच्या विधवेचं भाडं थकलं आहे, हे पडद्यावर कळणार नाही. तिच्यासाठी उठून उभं राहणारं माणूसही तिथे मिळणार नाही.

कुणाला खुर्ची, कुणाला झाडू

मंडळीवर प्रेम असलेल्या माणसाने तिच्या दुखण्याबद्दलही बोललं पाहिजे. महाराष्ट्रभर कितीतरी चर्चचे वाद न्यायालयात आणि धर्मादाय आयुक्तांकडे वर्षानुवर्षं पडून आहेत. मिशनकाळातल्या जमिनी शहराच्या मध्यभागी आल्या, त्यांचे भाव वाढले आणि त्यांच्याभोवती गट उभे राहिले. पास्टोरेट कमिटीच्या निवडणुकीत पॅनल लागतात, घराणी लढतात. हे पाहून तरुण मुलं विटतात. काही स्वतंत्र प्रार्थनागटांकडे वळतात, काही सगळंच सोडतात.

यावर माझं उत्तर स्पष्ट आहे. गैरकारभार वाढतो, कारण सभेला माणसं येत नाहीत. वर्षातून एकदा होणाऱ्या सर्वसाधारण सभेला यादीतल्या थोड्याच सभासदांनी यायचं, हिशेब न वाचता मंजूर करायचे आणि मग वर्षभर घराच्या ओसरीवर कमिटीला नावं ठेवायची, यात मंडळीचं काही भलं होत नाही. भल्या माणसांनी रिकामी सोडलेली खुर्ची कुणीतरी भरणारच.

दुसरं दुखणं स्त्रियांचं. मंडळीतलं बरंचसं काम बाया करतात आणि बरेचसे निर्णय पुरुष घेतात. एकोणिसाव्या शतकात ‘बायबल स्त्रिया’ गावोगाव पायी हिंडल्या, परक्या घरात जाऊन बायकांना अक्षरं शिकवली, आजाऱ्यांची सेवा केली. त्यांची नावंही अहवालांत धड आली नाहीत. चर्च ऑफ साउथ इंडियाने २०१३मध्ये नंद्याल इथे ई. पुष्पा ललिता यांना बिशप केलं. वरच्या पायरीवर दार उघडलं, तरी गावच्या कमिटीत बाईला अजून बहुधा जेवणावळीचंच खातं मिळतं. खजिनदाराची वही तिच्या हाती द्यायला काय हरकत आहे? बचत गट चालवणाऱ्या बाईला हिशेब कुणी शिकवायची गरज नाही.

तिसरं दुखणं, चर्चने स्वतःपुरतं पाहणं. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. इतक्या छोट्या समाजाने दारं लावून घेतली, तर तो गुदमरेल. ज्या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५०मध्ये मिलिंद महाविद्यालय उभं केलं, तिथल्या मंडळीने वस्तीतल्या सगळ्या मुलांसाठी अभ्यासिका चालवली, उन्हाळ्यात पाणपोई लावली, रक्तदान शिबिर घेतलं, तर तो उपासनेचाच भाग ठरेल. शेजाऱ्यावर प्रीती करा, ही आज्ञा शेजाऱ्याचा धर्म विचारत नाही.

या वर्षी काय करायचं

मंडळीतल्या प्रत्येक वाचकाला माझी काही मागणी आहे. मंडळीतलं एक काम आपल्या नावावर घ्या, छोटं चालेल, पण वर्षभर सोडू नका. मुलांना शिकवा, म्हाताऱ्यांना गाडीवरून उपासनेला आणा, कबरस्तानातलं गवत काढा. वर्गणी कमी असली तरी दर महिन्याला द्या आणि पावती घ्या. सर्वसाधारण सभेला जा, हिशेब आधी मागून वाचा, प्रश्न सभेत उभं राहून विचारा आणि उत्तर मिळालं की राग घरी नेऊ नका. विशीतल्या मुलामुलींना कमिटीवर घ्या, केवळ खुर्च्या मांडायला बोलावू नका. मराठी गीतं मुलांना पाठ करून द्या, कारण इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातवाला आजीची प्रार्थना समजेनाशी झाली, तर मंडळीचा एक धागा कायमचा तुटेल. आणि यंदा नाताळच्या जेवणाला घरापासून दूर असलेला एक विद्यार्थी, एक कामगार किंवा एक नर्स आपल्या ताटाशी बसवा.

जे वाचक ख्रिस्ती नाहीत, त्यांनाही एक सांगायचं आहे. आपलं भजनी मंडळ असो, विहार असो, मशिदीची कमिटी असो की गल्लीतलं वाचनालय, नियम तोच आहे. संस्था देणगीदारांच्या पाटीवर उभी राहत नाही. ती उभी राहते काम वाटून घेणाऱ्यांवर. शेजारच्या चर्चमध्ये नाताळला या, तुमचं स्वागत होईल.

रतनजी नवरोजी गेले, नारायण शेषाद्री गेले, टिळक गेले, फादर जाकिए गेले. त्यांनी पेरलेली मंडळी आपल्या हाती आहे. पुढच्या पिढीला ती चालती मिळेल की बंद दाराची एक जुनी इमारत मिळेल, हे बिशप ठरवणार नाहीत, न्यायालय ठरवणार नाही आणि परदेशातून येणारा पैसा तर मुळीच ठरवणार नाही. ते सभासदांनी ठरवायचं आहे. येत्या रविवारी उपासना संपल्यावर लगेच निघू नका. कमिटीतल्या कुणाला तरी गाठा आणि विचारा, ‘मी काय करू?’